शनिवारची रेल्वे-बैठक ओस पडत चालली आहे, काय करावे?

सांधेवाला_पुणे

सर्व सभासदांस नमस्कार.

पुण्यात आम्ही सात जण दर शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत माझ्या घरी जमतो आणि छोट्या रेल्वेगाड्या चालवतो. निदान चालवाव्यात असा हेतू असतो. आमच्यापैकी पाच जणांची ओळख कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात झाली. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले हे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे, आणि मुलाला गाडी दाखवायला म्हणून आलेला बाप मुलगा कंटाळून आइस्क्रीम मागू लागला तरी जागचा हलत नाही, हे दृश्य तिथे नेहमीचे आहे. आम्ही पाचही जण अशा बापांपैकी.

माझ्या घरातल्या दहा बाय अकराच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एच.ओ. मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणाची, मांडणी आहे. दुहेरी लंबगोल मार्ग, पुढच्या बाजूस चार रुळांचे स्थानक, मागच्या कोपऱ्यात बोगदा आणि साधा १२ व्होल्टचा डी.सी. कंट्रोलर, एवढाच पसारा आहे. पहिले दीड वर्ष रूळ टाकणे, चाळलेली कच पातळ फेव्हिकॉलने खडी म्हणून चिकटवणे, डोंगर उभे करणे अशी कामे चालू होती, तेव्हा सातही जण न चुकता येत आणि दहा वाजले तरी उठायचे नाव घेत नसत. डोंगराच्या कामात तर लहानपणी दिवाळीत किल्ले करणारे सगळे हात एकदम जागे झाले होते. मांडणी पूर्ण झाली आणि गर्दी ओसरली. आता एक जण कंट्रोलरचे बटण फिरवतो, गाडी गोल गोल फिरते, बाकीचे पाच मिनिटे कौतुकाने बघतात आणि मग चहा येतो. चहानंतर मोबाइलवर परदेशी मांडण्यांचे व्हिडिओ आणि आयात कराची चर्चा. खेळण्यांवरचा कर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३ साली ७० टक्के. याहून अधिक त्यात बोलण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही, पण आम्ही दर शनिवारी बोलतो. गेल्या चार शनिवारी अनुक्रमे चार, तीन, तीन आणि दोन माणसे हजर होती. त्या दोघांपैकी एक मीच होतो.

मापांचाही घोळ आहे. चौघांकडे एच.ओ. किंवा ब्रिटिश ओ.ओ. गाड्या आहेत, ज्या एकाच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर धावतात. दोघांनी जागेअभावी १:१६० चे एन माप घेतले आहे, आणि एकाला माथेरानच्या गाडीखेरीज काहीच नको आहे. या तिघांच्या गाड्या माझ्या मांडणीवर चालूच शकत नाहीत. त्यात यंदाच्या पावसाळ्यात प्लायला बाक आला असून बोगद्याच्या तोंडाशी लांब डबे घसरतात.

माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. बैठक महिन्यातून एकदाच घ्यावी, की वर्गणी वाढवून भाड्याची खोली पाहावी, की ही मांडणी मोडून प्रत्येकाने आपापला तुकडा करून आणावा? ज्यांनी असा छोटा गट काही वर्षे चालवला आहे त्यांनी अनुभव सांगावा, ही विनंती.

कल्याण_यार्ड

आपण सुचवलेल्या तिन्ही मार्गांपैकी पहिला तेवढा चुकूनही धरू नका. आठवड्याची बैठक चुकली तर माणूस पुढच्या शनिवारी येतो. महिन्याची चुकली की दोन महिने तोंड दिसत नाही आणि मग संकोचानेच तो येईनासा होतो. आमच्या डोंबिवलीच्या गटाने हा प्रयोग करून पाहिला आणि पाच महिन्यांत गट जवळजवळ मोडला. पुन्हा दर शुक्रवारी भेटायला लागल्यावर तो सावरला.

मला वाटते, आपली मांडणी बघण्यासाठी झाली आहे, चालवण्यासाठी झालेली नाही. लंबगोलावर गाडी सोडली की माणसाला काम उरत नाही. आपण तिच्या एका बाजूस शंटिंगचे, म्हणजे डबे मागे-पुढे करून जुळवण्याचे, छोटे यार्ड करून पाहा. त्यासाठी खोली बदलावी लागत नाही, कंट्रोलर बदलावा लागत नाही आणि फक्त दोन सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळाचे तुकडे, लागतात.

रचना अशी आहे. तीन मृत मार्ग, म्हणजे एका टोकाला बंद असलेले रूळ, घ्यायचे. एकावर पाच वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मावतील, दुसऱ्या दोनांवर प्रत्येकी तीन. तिन्ही मार्ग जिथे एकत्र येतात त्या यार्डाच्या गळ्याशी इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढीच लांबी ठेवायची, एक इंचही जास्त नाही, कारण सगळी गंमत त्या टंचाईत आहे. एकूण आठ वाघिणी यार्डात उभ्या करायच्या, त्यांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकायच्या आणि पाच चिठ्ठ्या उचलायच्या. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघतील त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब मार्गावर लावून द्यायच्या. ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश छांदिष्टाने आपल्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या मांडणीसाठी हे कोडे रचले आणि जगभरच्या छांदिष्टांनी ते उचलले. आठातून पाच वाघिणींचे क्रम ६,७२० होतात, त्यामुळे तोच डाव पुन्हा येण्याची भीती बाळगू नये.

इंग्लंडातल्या चारचाकी वाघिणींना चार फुटांची फळी पुरते. आपल्याकडच्या बॉक्स-एन वाघिणी एच.ओ. मापात सुमारे १२३ मिलिमीटर भरतात आणि डब्ल्यू.डी.एम.-२ हे डिझेल इंजिन सुमारे वीस सेंटिमीटर, त्यामुळे आम्हाला पाच फूट लागले. बॉक्स-एन सगळ्या सारख्याच दिसतात म्हणून प्रत्येकीच्या कडेवर पांढऱ्या जेल पेनने क्रमांक घातला.

हे काम एका माणसाचे नाही, आणि आपल्याला नेमके हेच हवे आहे. आमच्याकडे एक जण ड्रायव्हर असतो, त्याला चिठ्ठ्या दाखवत नाहीत. दुसरा शंटर, त्याच्या हातात यादी आणि उदबत्तीची टोक केलेली काडी असते. ती काडी दोन कपलिंगांच्या मधोमध वरून घालून हलकेच पिळली की वाघिणी सुटतात. महागडे चुंबक आणून पाहिले होते, पण काडीची सर त्यांना नाही. तिसरा सांधेवाला. ड्रायव्हरने फक्त शंटरच्या हाताकडे बघायचे आणि कोणी तोंडाने ‘मागे घे, मागे घे’ म्हणाले तर डाव बाद. पहिल्या शुक्रवारी आम्हाला एक डाव पुरा करायला पन्नास मिनिटे लागली आणि दोन वडीलधारी माणसे एकमेकांशी अबोला धरून घरी गेली. पुढच्या शुक्रवारी तीच दोघे सर्वांत आधी आली होती.

एक सूचना. छोट्या शंटिंग इंजिनाची चाके कमी असतात, त्यामुळे सांध्याच्या मध्यभागी प्लास्टिकचा तुकडा असेल तर ते तिथे बंद पडते. सांधे घेताना मध्यभाग धातूचा आणि वीज वाहणारा घ्यावा. थोडे अधिक तारकाम पडते, पण नंतरची चिडचिड वाचते.

लाइन_क्लिअर

मी निवृत्त स्टेशनमास्तर आहे. छोट्या गाड्यांचा छंद मला नातवामुळे लागला, त्यामुळे मापे आणि कंपन्या यांबद्दल माझा अभ्यास कमी आहे. पण ‘गाडी गोल फिरते आणि करायला काही नसते’ हे वाक्य वाचून राहवले नाही. ज्या रेल्वेत मी आयुष्य घालवले तिथे गाडी धावत असते तेव्हा ड्रायव्हर आणि गार्ड सोडून निदान दोन माणसे तरी पूर्ण कामात असतात: गाडी पाठवणारा आणि गाडी घेणारा. आपल्या मांडणीत ही दोन माणसेच नाहीत.

माझी पहिली काही वर्षे एकेरी मार्गावर गेली. तिथे आमच्याकडे नीलचे गोळा-टोकन यंत्र असे, आणि त्याची पद्धत आपल्या खोलीत जशीच्या तशी उतरवता येते. दोन स्थानकांत एकेक यंत्र असते आणि दोन्ही तारेने जोडलेली असतात. मला गाडी पाठवायची असेल तर मी घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी पुढच्या स्थानकाला विचारतो. त्याच्याकडे मार्ग मोकळा असेल तर तो संमती देतो, आम्ही संमतीची खूण म्हणून खासगी क्रमांकांची देवाणघेवाण करून ते रजिस्टरात वेळेसह लिहितो, दोघेही आपापली मूठ फिरवतो आणि माझ्या यंत्रातून एक धातूचा गोळा बाहेर येतो. त्या गोळ्यावर त्याच दोन स्थानकांची नावे कोरलेली असतात. तो थैलीत घालून, वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हाती नसेल तर ड्रायव्हर पुढे जाणार नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघणार नाही. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत याची सगळी हमी त्या एका गोळ्यात आहे. पावसाळी रात्री न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ते कडे उचलून देताना हाताला बसलेला झटका अजून खांद्याला आठवतो. असो, तो विषय वेगळा.

आपण असे करा. दुहेरी लंबगोलातील आतला मार्ग काही जागी काढून टाका आणि मागच्या बाजूला एक लूप, म्हणजे गाडी बाजूला घेण्यापुरता जोडरूळ, ठेवून दुसरे स्थानक करा. बोगदा दोन स्थानकांच्या मधोमध येऊ द्या, म्हणजे गाडी दिसेनाशी झाल्यावर कागदावर आणि घंटेवरच विसंबावे लागेल. दोन्ही स्थानकांवर एकेक माणूस बसवा आणि मध्ये पडदा लावा. यंत्राऐवजी दोन डबे आणि एक काचेची गोटी पुरे. गोटी एकच ठेवली की यंत्राचे निम्मे काम तीच करते. दाराची जुनी घंटा, दोन वह्या आणि एक वेगवान घड्याळ घ्या. छंदाच्या पुस्तकांत सहापट वेग सांगतात, म्हणजे तीन तासांच्या बैठकीत अठरा तासांचे वेळापत्रक उरकते. नवशिक्यांनी चारपट ठेवावा, नाहीतर वही भरायलाही उसंत मिळत नाही.

वही भरण्यात कुचराई करू नये, एवढेच मास्तरकीच्या सवयीने सांगतो.

ब्राउनश्वाइगचा_शंटर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत नोकरीला आहे. इथल्या एका छोट्या क्लबात दर मंगळवारी जातो, म्हणून तिसऱ्या पर्यायाबद्दल, म्हणजे तुकड्यांबद्दल, दोन शब्द.

इथे फ्रेमो नावाची छांदिष्टांची संघटना १९८१ पासून तुकड्यांच्या पद्धतीवर चालते. तिचा गाभा असा आहे की तुकड्याच्या मधल्या भागात तुम्ही घाट करा, भाताची खाचरे करा, नाहीतर मोकळे माळरान सोडा, त्यात कोणी ढवळाढवळ करत नाही. टोकाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. रुळाच्या माथ्याची जमिनीपासूनची उंची १३०० मिलिमीटर, टोकाच्या फळीचा आकार ठरलेला, बोल्टची भोके ठरलेली आणि तारांची टोके ठरलेली. त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे तुकडे शाळेच्या व्यायामशाळेत एका सकाळी जोडले जातात आणि दुपारी त्यांवर वेळापत्रकाप्रमाणे गाड्या धावतात.

आता पुण्याचा विचार करू. एच.ओ. मापाचा चार फुटांचा तुकडा दर शनिवारी रिक्षातून आणणे म्हणजे हौसेची परीक्षा आहे, आणि मी तो सल्ला देणार नाही. एच.ओ. मांडणी आहे तिथेच राहू द्या आणि वरच्या दोघांनी सांगितल्याप्रमाणे बदला. तुकड्यांची पद्धत तुमच्या एन मापाच्या दोन सभासदांसाठी ठेवा. टी-ट्रॅक नावाची पद्धत खास छोट्या घरांसाठी आहे. एका तुकड्याची लांबी ३०८ मिलिमीटर, दोन रुळांमधले अंतर ३३ मिलिमीटर आणि जोडणीसाठी काटो कंपनीच्या रुळांचे स्वतःचे चिमटेच पुरतात, वेगळे बोल्ट लागत नाहीत. तुकडे सरळ जेवणाच्या टेबलावर मांडायचे. असा एक तुकडा ॲक्टिव्हाच्या पायाशी, दोन पावलांच्या मध्ये, आरामात बसतो. सुटीत आलो असताना सातारा रोडवर मी स्वतः नेला आहे आणि स्पीडब्रेकरवर फक्त एक झाड पडले.

पैशांबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. सामाईक वर्गणीतून इंजिने आणि डबे घेऊ नका. माझ्या आधीच्या गटात दोन जण गाव सोडून गेले तेव्हा सामाईक डिजिटल कंट्रोलर कोणाचा यावरून जो पत्रव्यवहार झाला तो आठवला तरी मान खाली जाते. प्रत्येक वस्तूला एक मालक असावा, वर्गणीतून फक्त संपणाऱ्या गोष्टी घ्याव्यात: रूळ पुसायचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, फेव्हिकॉल, तार आणि चहा.

प्लायला बाक येण्याबद्दल: खाली चौकट आहे का? नसेल तर १२ मिलिमीटरचे पाणीरोधक प्लाय घेऊन त्याला खालून दीड-दोन इंच उंचीच्या पट्ट्यांची जाळी करावी, आणि वरची बाजू रंगवली तशी खालचीही रंगवावी. एकच बाजू रंगवलेले लाकूड पावसाळ्यात हटकून वाकते.

नेरळ_६१०

लिहावे की न लिहावे अशा विचारात दोन दिवस गेले. प्रश्नकर्त्यांनी ज्याचा ‘एकाला माथेरानच्या गाडीखेरीज काहीच नको आहे’ असा उल्लेख केला आहे तो मीच. ते नाव न घेता लिहीत आहेत म्हणून मीही त्यांना इथे दादा म्हणत नाही, पण एरवी म्हणतो.

मी येणे बंद केले त्याला चांदणी चौकातली वाहतूक कारण आहे असे मी सगळ्यांना सांगितले. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की सोळा महिन्यांत माझी गाडी त्या खोलीत एकदाही चालली नाही. मी ती दर वेळी डब्यात घालून आणायचो, टेबलाच्या कडेला ठेवायचो, सगळे ‘वा’ म्हणायचे आणि निघताना मी ती पुन्हा डब्यात घालायचो. कोणी वाईट वागले असे अजिबात नाही. तिच्यासाठी रूळच नव्हता, एवढेच.

तांत्रिक बाजू सांगतो. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाचे माप ६१० मिलिमीटर आहे. १:८७ प्रमाणात ते ७ मिलिमीटर होते. त्या मापाचा रूळ बाजारात सहसा मिळत नाही, म्हणून जगभर लोक त्यासाठी ९ मिलिमीटरचा रूळ वापरतात; तो हिशेबाने ७८३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे बराच रुंद. ज्यांना हे खटकते त्यांनी आपल्या ब्रॉडगेजकडेही बघावे, कारण १६७६ मिलिमीटरला १९.२६ मिलिमीटरचा रूळ हवा आणि आपण सगळे १६.५ वर चालवतो. माझी गाडी जरा ढगळ सदरा घालते, तुमची जरा आखूड.

मात्र ९ मिलिमीटर म्हणजे एन मापाचाच रूळ, हे इतके दिवस आमच्यापैकी कोणी मोठ्याने बोलले नाही. मी गेल्या महिन्यात पहिले इंजिन केले तेही एन मापाच्या जुन्या जपानी इंजिनाच्या चेसिसवर, वर पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या पत्र्याचे अंग चढवून. म्हणजे ज्या दोघांना आम्ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवत आलो, त्यांच्याकडेच माझ्या गाडीचे सगळे सुटे भाग आहेत. त्यांपैकी एकाने मला चाके दिली. तीही बैठकीत नव्हे, त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

माझा प्रस्ताव साधा आहे. नेरळ स्थानकात माथेरानची गाडी ब्रॉडगेजच्या रुळावर चढत नाही. ती शेजारी उभी राहते आणि माणसे सामान घेऊन चालत तिच्याकडे येतात. चार रुळांच्या त्या स्थानकाच्या कडेला मला दहा इंच रुंदीची पट्टी द्यावी. उरलेले मी करीन.

वहिनींचा_चहा

माझे यजमान नाशिकच्या अशाच एका गटात आहेत, आणि आता मीही आहे, कारण सिग्नलचे तारकाम माझ्याइतके बारीक कोणाला जमत नाही. तरी ज्यांच्या घरी बैठक भरते त्या घराच्या बाजूने थोडे लिहिते, कारण वरच्या लेखांत चहा येतो पण तो कोण करतो ते येत नाही.

दर आठवड्याला सात माणसे घरात येणे हे एखाद्या छोट्या कार्याइतके काम असते. आमच्याकडे नियम असा आहे की चहाचे सामान आणि कपबशा खोलीतच असतात, विजेची किटली तिथेच असते आणि ज्याच्या हाताने त्या दिवशी पहिली गाडी घसरते तो शेवटी कप धुतो. या नियमामुळे रूळ जोडण्यात कमालीची काळजी घेतली जाऊ लागली आहे. नऊ म्हणजे नऊ वाजता मुख्य बटण बंद होते. कोणी बोगद्यात अडकले तर आठवडाभर तिथेच. घरात परीक्षेचे मूल किंवा आजारी माणूस असेल तर बैठकीची जागा निःसंकोच बदलावी, आणि असे बदलणे हा कोणाचा पराभव आहे असे समजू नये.

सांधेवाला_पुणे

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. उत्तर द्यायला तीन शनिवार लागले, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

पहिल्या शनिवारी आम्ही तिघेच होतो. पुढच्या कडेवर पाच फुटांचे ५-३-३ यार्ड बसवले. कल्याण_यार्ड यांनी सांगूनही मी घरात पडलेले प्लास्टिकच्या मध्याचे सांधे वापरले आणि इंजिन ठरल्याप्रमाणे तिथेच बंद पडत राहिले. पहिला डाव सव्वा तास चालला. नऊ वाजले तेव्हा शेवटची वाघीण उलट्या मार्गावर उभी होती, आणि तिघांपैकी कोणीही चपला घालायला तयार नव्हता. सोमवारी नवे सांधे आणले.

दुसऱ्या शनिवारी पाच जण. आतल्या मार्गातला चार फुटांचा तुकडा उखडताना जिवावर आले, कारण ती खडी मी स्वतः एकेक चमचा करून घातली होती. त्या दिवशी बाकी काहीच चालले नाही. फक्त काम झाले आणि सगळे दहापर्यंत थांबले. प्लाय उलटे करून पाहिले तर ब्राउनश्वाइगच्या_शंटरांची शंका बरोबर निघाली: खालची बाजू कोरी होती आणि चौकट फक्त दोन बाजूंना होती. तूर्त मध्ये तीन आडव्या पट्ट्या मारल्या आहेत, बोगद्याशी बाक निम्म्याने कमी झाला आहे. नवे प्लाय आता दिवाळीनंतरच.

काल गोटी आली. दोन स्थानकांच्या मध्ये आईची जुनी नऊवारी पडदा म्हणून लावली आणि बिस्किटाचे दोन डबे ठेवले. पाचव्या गाडीला माझ्या समोरच्या स्थानकावरच्या मास्तरांनी घंटा दिली, मी संमती दिली, वहीत वेळ लिहिली, आणि गाडी आली तीच मुळी गोटीशिवाय. गोटी त्यांच्या शर्टाच्या खिशात राहिली होती. दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबवून चौकशी बसवण्यात आली, जबाब नोंदवले गेले आणि वहीत तांबड्या शाईने शेरा पडला. या सगळ्यात चाळीस मिनिटे गेली. आयात कराचा विषय कालच्या बैठकीत निघाला नाही, हे रात्री झोपताना लक्षात आले.

लाइन_क्लिअर काका, आपण पुण्यात असाल तर एकदा येऊन आमच्या वह्या तपासाव्यात. त्यांत आत्तापासूनच खाडाखोड आहे. घंटेचे ठोके आम्ही सध्या मनाने ठरवले आहेत. खरे कोणते ते सांगितलेत तर तसे बदलू.

वहिनी, किटली आणली. कप काल मलाच धुवावे लागले.

नेरळ_६१०, तुझा लेख मी दोनदा वाचला आणि फोन करावा की इथेच लिहावे याचा विचार केला. इथेच लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल. स्थानकाच्या मागच्या फलाटापलीकडचा पार्किंगचा भाग आणि ती दोन दुकाने मी काल रात्री काढली. मोजून साडेदहा इंच जागा निघाली, लांबी पावणेचार फूट. एन मापाचे दोघे जण येत्या शनिवारी उरलेला रूळ आणि एक जादा चेसिस घेऊन येणार आहेत. चांदणी चौकात साडेपाचनंतर गर्दी होते, तेव्हा तू पाचलाच ये. दार उघडे असेल.